बालशिक्षिकांचे सहाध्ययन : सेवाग्रामची पूर्व-बुनियादी शाळा ते अंगणवाडीची मासिक बैठक

१. प्रश्नाचे स्वरूप

कोणत्याही व्यवसायातील ज्ञानाचा मोठा भाग ग्रंथांत नसून त्या व्यवसायातील माणसांच्या परस्पर बोलण्यात असतो. डॉक्टर अवघड रोग्याविषयी दुसऱ्या डॉक्टरशी विचारविनिमय करतो. विणकर शेजारच्या मागाकडे पाहून आपल्या हाताची चूक ओळखतो. सुताराचा मुलगा बापाच्या बरोबरीने बसलेल्या इतर कारागिरांकडूनही शिकतो. लहान मुलांच्या शिक्षिकेच्या वाट्याला मात्र असे शेजारपण फारसे येत नाही. वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातील अंगणवाडी पाहावी. एक खोली, तीन ते सहा वर्षे वयाची मुले, एक सेविका आणि एक मदतनीस. तिच्यासारखे काम करणारी दुसरी सेविका बहुधा पुढच्या गावी किंवा गावाच्या दुसऱ्या टोकाला असते. तिने आज काय केले, कोणते मूल आज प्रथम बोलले, कोणते मूल चार दिवस कोपऱ्यात बसून आहे, हे पाहणारा समव्यवसायी तिच्याजवळ कोणीही नसतो.

या एकाकीपणावर आजवर योजिलेला मुख्य उपाय म्हणजे प्रशिक्षण. प्रशिक्षण आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु त्याचे स्वरूप एकमार्गी असते. ज्याला माहीत आहे तो सांगतो आणि ज्याला माहीत नाही तो ऐकतो. याहून वेगळ्या अशा एका प्रक्रियेचा विचार येथे करावयाचा आहे. तिला ‘सहाध्ययन’ म्हणावयास हरकत नाही. ‘सहाध्यायी’ हा शब्द मराठीत जुनाच आहे. एका गुरूपाशी बरोबरीने शिकणारा, असा त्याचा अर्थ. व्यवसायाच्या संदर्भात सहाध्ययनाची व्याख्या अशी करता येईल : एकाच प्रकारचे काम करणाऱ्या व्यक्तींनी प्रत्यक्ष कामातील अडचण समोर ठेवणे, ती परस्परांच्या साहाय्याने समजून घेणे, एखादा उपाय योजून पाहणे आणि त्याचे फळ पुन्हा सर्वांपुढे मांडणे. या व्याख्येतील शेवटचे अंग विशेष महत्त्वाचे आहे. फळ पुन्हा मांडले गेले नाही, तर जे उरते ती केवळ चर्चा होय.

वर्धा जिल्हा या विषयाच्या अभ्यासास दोन कारणांनी योग्य ठरतो. एक तर बालशिक्षिकांच्या सामुदायिक शिक्षणाचा एक महत्त्वाचा प्रयोग याच जिल्ह्यात, सेवाग्राम येथे झाला. दुसरे असे की, या जिल्ह्यातील मुलांची घरची बोली आणि अंगणवाडीतील चित्रतक्त्यांची भाषा यांत जे अंतर आहे, ते सहाध्ययनाची गरज स्पष्टपणे दाखवून देते.

२. सेवाग्राम : कामातून शिकणाऱ्यांचा समुदाय

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नेमली. समितीने त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपला अहवाल सादर केला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून, उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधारे शिक्षण द्यावे, ही त्या योजनेची मध्यवर्ती कल्पना सर्वश्रुत आहे. शिक्षकांच्या तयारीविषयी समितीने केलेला विचार मात्र तितकासा लक्षात घेतला जात नाही. शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा अल्प अभ्यासक्रम, अशी दुहेरी व्यवस्था समितीने सुचविली होती. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजनेला संमती दिल्यानंतर हिंदुस्तानी तालिमी संघ अस्तित्वात आला. त्याचे कार्य सेवाग्रामहून चाले आणि त्याची धुरा ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् या दांपत्याने वाहिली.

मूळ योजनेत सात वर्षांखालील मुलांना स्थान नव्हते. ही उणीव १९४५ मध्ये भरून निघाली. त्या वर्षीच्या जानेवारीत सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत नई तालीमचे क्षेत्र जन्मापासून मृत्यूपर्यंत आहे, ही गांधीजींची भूमिका पुढे आली आणि पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी व प्रौढ शिक्षण असे तिचे टप्पे ठरले. सेवाग्रामच्या पूर्व-बुनियादी शाळेचे काम शांता नारुळकर यांनी केले व त्या अनुभवावर आधारलेली पुस्तिकाही लिहिली. या योजनेत बालशिक्षणाची सुरुवात मूल शाळेत येण्यापासून न धरता मातेच्या गर्भावस्थेपासून धरली होती. शरीराचे पोषण, वैयक्तिक व सामाजिक स्वच्छता, स्वावलंबन, मिळूनमिसळून राहण्याची सवय, हातांचे सर्जक काम, भाषा, गणिती जाणीव, निसर्गाचा परिचय, संगीत व चित्रकला ही तिची अंगे होती.

सहाध्ययनाच्या दृष्टीने पाहू जाता सेवाग्रामचे वैशिष्ट्य अभ्यासक्रमाच्या यादीपेक्षा तेथील राहणीत अधिक आढळते. शिकविणारे आणि शिकणारे एकाच परिसरात राहत. सफाई, स्वयंपाक, सूतकताई, शेती ही कामे वाटून घेतली जात. काय करावयाचे हे आधी एकत्र बसून ठरे. केलेल्या कामाची नोंद ठेवली जाई. आणि नोंद पुढे ठेवून पुन्हा विचार होई. योजना, कृती, नोंद आणि पुनर्विचार हे चक्र मुलांना जसे लागू होते, तसेच त्यांच्या शिक्षकांनाही लागू होते. उद्या मुलांना जे करावयास सांगावयाचे ते आज स्वतः करून पाहिलेले असे. शिक्षकाच्या हातात लहान झाडू आणि मुलाच्या हातात त्याहून लहान झाडू, हे दृश्य वरवर साधे वाटते. परंतु त्यात एक शैक्षणिक सिद्धांत सामावलेला आहे. शिक्षिका स्वतः शिकणारी असल्याखेरीज मुलाच्या शिकण्यातील अडचण तिला दिसत नाही.

या प्रयोगाची मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. एकत्र राहणे हा त्याचा पाया होता. जेथे शिक्षिका आपापल्या गावी, आपापल्या संसारात राहतात, तेथे तो पाया मिळत नाही. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला आणि शासकीय शिक्षणव्यवस्थेने बुनियादी शिक्षणाचा मार्ग पुढे सोडून दिला. सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू झाली. शेती, स्वयंपाक, सूतकताई यांना तिच्या दिनक्रमात स्थान आहे. तथापि, सेवाग्रामची पद्धत जशीच्या तशी जिल्ह्यातील प्रत्येक गावी नेता येणार नाही, हे उघड आहे. दूर दूर राहणाऱ्या शिक्षिकांनी एकमेकींकडून कसे शिकावे, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या एका परंपरेत शोधावे लागते.

३. पत्रिका, पाडा आणि अंगण

ही परंपरा गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची होय. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात १९२० पासून गिजुभाईंनी केलेले काम सर्वपरिचित आहे. १९२६ मध्ये उभयतांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. गुजरातीत ‘शिक्षण पत्रिका’ निघत होतीच. १९३३ पासून ताराबाईंनी मराठी ‘शिक्षण पत्रिका’ चालविली. अशा नियतकालिकाचे महत्त्व केवळ प्रचाराचे नव्हते. गावोगावी विखुरलेल्या बालशिक्षिकेला दुसऱ्या गावच्या शिक्षिकेने काय करून पाहिले हे कळण्याचे ते एक साधन होते. एकत्र राहणे शक्य नसेल तेथे लिहिणे आणि वाचणे हे सहाध्ययनाचे माध्यम होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

१९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन होईपर्यंत या दोघी एकाच कामात होत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही ‘अंगणवाडी’ची कल्पना आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’, ही या कार्याची सुप्रसिद्ध फळे होत. मुले का येत नाहीत, या अडचणीकडे त्यांनी मुलांचा दोष म्हणून न पाहता शाळेपुढील प्रश्न म्हणून पाहिले आणि उपाय करून पाहिला. वर केलेल्या व्याख्येतील चारही अंगे येथे दिसतात. पुढे १९८२ मध्ये अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ग्राममंगल संस्थेने ही परंपरा पुढे नेली.

४. अंगणवाडीची मासिक बैठक

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा मराठी शब्द सर्व भारताचा झाला. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत एकत्र आल्या. ग्रामीण भागात साधारणतः ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, काही अंगणवाड्या मिळून एक बीट आणि त्यावर एक पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, अशी तिची रचना आहे. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर या आठही तालुक्यांत हीच रचना आढळते.

या रचनेत सहाध्ययनाला अनुकूल असे एक स्थान आयतेच उपलब्ध आहे. ते म्हणजे बीटची मासिक बैठक. महिन्यातून एकदा एका बीटच्या सर्व सेविका पर्यवेक्षिकेसमोर एकत्र येतात. एरवी एकाकी असणाऱ्या शिक्षिकेला समव्यवसायींचे तोंड दिसण्याचा हा जवळजवळ एकमेव प्रसंग होय. परंतु बैठकीचा वेळ बहुतांशी माहिती गोळा करण्यात जातो. वजने किती घेतली, घरपोच आहार किती वाटला, कोणती नोंद राहिली, कोणता अहवाल उद्या हवा, या प्रश्नोत्तरांत दिवस सरतो. मूल कसे शिकले हा प्रश्न कार्यसूचीत क्वचितच असतो.

या बैठकीचा शिक्षणासाठी उपयोग करण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न २०१८ नंतर पोषण अभियानात झाला. सेविकेला एकाच वेळी सर्व काही न सांगता दर महिन्याला एक लहान विषय द्यावा, तो तिने गावात करून पाहावा आणि पुढील बैठकीत अनुभव सांगून दुसरा विषय घ्यावा, अशी ही क्रमवृद्ध शिक्षणाची योजना होती. तिच्यात २१ घटक होते व त्यांचा भर पोषण आणि माता-बालकांच्या आरोग्यावर होता. विषय वरून ठरलेले असले, तरी ‘करून पाहा आणि पुन्हा या’ हे तत्त्व तिच्यात होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात अतिशय लहान मुलांच्या विकासासाठी राबविण्यात आलेल्या ‘आरंभ’ या उपक्रमाच्या उभारणीत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा वाटा आहे. सेवाग्रामचा बालकांशी असलेला संबंध अशा रीतीने वेगळ्या मार्गाने चालू राहिला आहे.

शालापूर्व शिक्षणाकडे शासनाचे लक्ष अलीकडे अधिक वळले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला आणि केंद्र पातळीवर महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग असावा असे म्हटले. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ या उपक्रमात सेविकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण योजण्यात आले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु तीन दिवस संपले की सेविका पुन्हा आपल्या खोलीत एकटीच असते. तेथे उद्भवणारे प्रश्न प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत असतातच असे नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण भाषेचे आहे.

५. बोलीचा प्रश्न : तुलनेवाचून निदान नाही

वर्धा जिल्हा वऱ्हाडी आणि नागपुरी या बोलींच्या सीमेवर वसलेला आहे. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ मध्ये, या बोलींची नोंद केली आहे. ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’, ‘मी जात आहे’ याऐवजी ‘मी जाऊन राहिलो’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ही तिची काही परिचित लक्षणे होत. शब्दसंग्रहही निराळा आहे. बैलगाडीला येथे बंडी म्हणतात, शेताला वावर, कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी आणि कोथिंबिरीला सांबार.

आता एक प्रसंग उदाहरणादाखल कल्पावा. सेविका चित्रतक्त्यावरील कोथिंबिरीच्या जुडीवर बोट ठेवून ‘हे काय?’ असे विचारते. चार वर्षांची मुलगी ‘सांबार’ असे उत्तर देते. तक्त्याखाली छापलेला शब्द वेगळा असल्याने सेविका ‘नाही, कोथिंबीर’ असे सांगते. दुसऱ्या चित्राला मुलगी ‘बंडी’ म्हणते. तेथेही तेच होते. तिसऱ्या चित्राला मुलगी गप्प बसते. नोंदवहीत ‘चित्रे ओळखत नाही’ असा शेरा पडतो. वस्तुतः मुलीने दोन्ही चित्रे अचूक ओळखली होती; तिला जर काही शिकायला मिळाले असेल तर ते एवढेच, की आपल्या घरचा शब्द येथे चालत नाही. येथे दोष सेविकेच्या हेतूचा नाही. तीही घरी सांबारच म्हणते. परंतु अंगणवाडीत आल्यावर छापील शब्दच खरा, असा तिचा समज झालेला असतो आणि तो तपासून पाहण्यास तिला कोणी सोबती नसतो.

याहून अवघड प्रश्न उच्चारांचा आहे. एका अंगणवाडीत तीन मुले आहेत असे समजावे. पहिले ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. दुसरे ‘घर’ला ‘घल’ म्हणते. तिसरे फारसे बोलतच नाही. तिन्हींच्या पुढे ‘स्पष्ट बोलत नाही’ असा एकच शेरा लिहिला जाण्याचा संभव असतो. परंतु ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. पहिल्याच्या आजूबाजूची प्रौढ माणसेही तसेच बोलतात. तो बोलीचा नियम आहे, दोष नव्हे. दुसऱ्याच्या घरचे लोक ‘घर’ असेच म्हणतात. ‘र’च्या जागी ‘ल’ येणे ही लहान वयातील भाषिक विकासाची एक सामान्य पायरी असून बहुतेक मुलांत ती वयाबरोबर मागे पडते. तिसऱ्याची श्रवणशक्ती तपासून घेणे अगत्याचे आहे. कारण ऐकू कमी येणारे मूल पुष्कळदा ‘लाजाळू’ म्हणून दुर्लक्षिले जाते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांना भेट देतात. परंतु कोणते मूल त्यांच्यापुढे आग्रहाने न्यावयाचे हे सेविकेलाच ठाऊक असावे लागते.

हे भेद ओळखावयाचे कसे? एका खोलीत बसून ते ओळखणे कठीण असते, कारण त्यासाठी तुलना लागते. दहा गावांच्या सेविका एकत्र बसून ‘तुमच्या गावी मुले हा शब्द कशी म्हणतात? मोठी माणसे कशी म्हणतात? साडेतीन वर्षांचे मूल कसे म्हणते आणि साडेपाच वर्षांचे कसे?’ असे परस्परांस विचारतील, तर बोली, वय आणि विकार यांची सीमा त्यांच्या डोळ्यांपुढे हळूहळू स्पष्ट होऊ लागेल. भाषाशास्त्रज्ञ क्षेत्रकार्यात जे करतो, त्याचेच हे साधे रूप होय. येथे सहाध्ययन हे निदानाचे साधन ठरते. एकटी सेविका कितीही हुशार असली, तरी ही तुलना तिला एकटीने करता येत नाही.

जेथे मुलाची घरची भाषाच वेगळी, तेथे हा मुद्दा अधिकच तीव्र होतो. जिल्ह्याच्या काही भागांत गोंड आणि कोलाम समाजाची वस्ती आहे. कोलामी ही द्राविड भाषा असून तिचा मराठीशी वंशसंबंध नाही. एम. बी. एमेनो यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आधार वर्धा भागातील कोलामी बोलीच होता. म्हणजे ज्या भाषेचे शास्त्रीय वर्णन जगाच्या ग्रंथालयांत जाऊन बसले, ती भाषा बोलणाऱ्या पोडावरच्या मुलाला जवळच्या अंगणवाडीत मात्र मुके समजले जाण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी ज्ञान अनेकदा मदतनीस बाईंजवळ असते; त्या त्याच वस्तीतल्या असल्यास मुलांशी त्यांच्या भाषेत बोलतात. परंतु बैठकीला मदतनीस नसते, आणि असली तरी तिला बोलण्यास सांगितले जात नाही. सहाध्ययनाचे वर्तुळ पदावर न आखता माहितीवर आखले, तर तिच्याजवळचे पाच-पंचवीस शब्द सगळ्या बीटच्या उपयोगी पडतील.

६. सहाध्ययनाची रीत

सेविकांना एकत्र बसविले म्हणजे सहाध्ययन आपोआप घडते असे नाही. त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले पथ्य असे की, चर्चेचा आरंभ मताने न करता घटनेने करावा. ‘आजकालची मुले लक्ष देत नाहीत’ या वाक्यावर चर्चा होऊ शकते, परंतु त्यातून कोणी काही शिकत नाही. ‘मंगळवारी गोष्ट सांगताना पाच मुले उठून दाराशी गेली, त्या वेळी बाहेरून बंडी चालली होती’ या वाक्यावर मात्र विचार करता येतो.

दुसरे पथ्य नोंदीचे. मुलाचे बोलणे जसेच्या तसे, त्याच्या बोलीत लिहून ठेवावे. ‘मुलाने पाणी मागितले’ ही सेविकेची भाषा झाली; ‘मले पानी दे’ ही मुलाची. दुसऱ्या नोंदीत मुलाचे व्याकरण दिसते, पहिल्या नोंदीत ते नाहीसे होते. रोज एका मुलाचे एक वाक्य लिहिले, तरी महिन्याअखेर बैठकीत ठेवण्यास पुरेशी सामग्री जमते. इटलीतील रेज्जो एमिलिया या नगरात दुसऱ्या महायुद्धानंतर लोरिस मालागुत्सी यांच्या प्रेरणेने वाढलेल्या बालशाळांत मुलांच्या बोलण्याच्या व कृतींच्या अशा नोंदी शिक्षकांच्या एकत्रित अभ्यासाचा पायाच मानल्या जातात. त्यासाठी कागद आणि पेन्सिल एवढे साहित्य पुरते.

तिसरे पथ्य प्रश्नांचे. ऐकणाऱ्या सेविकांनी प्रथम उपदेश करू नये, प्रथम विचारावे. मूल घरी कोणाजवळ राहते? त्या दिवशी जेवले होते काय? याआधी असे कधी घडले होते? उपदेशाने सांगणारीचे तोंड बंद होते, प्रश्नाने ते उघडते.

चौथे पथ्य प्रयोगाचे. बैठक संपताना प्रत्येकीने पुढील महिन्यात करून पाहावयाची एक, आणि एकच, गोष्ट ठरवावी. उदाहरणार्थ, चित्रतक्त्यावरील प्रत्येक वस्तूचे मुलांच्या घरचे नाव प्रथम विचारावे, ते मान्य करावे आणि नंतर पुस्तकातले नाव त्याच्या जोडीला द्यावे. पुढील बैठकीचा आरंभ याच गोष्टीच्या फळापासून व्हावा. जपानमध्ये शिक्षकांनी मिळून एक पाठ आखणे, एकाने तो शिकविणे, इतरांनी मुलांकडे पाहत बसणे आणि मग पाठाची एकत्र चिकित्सा करणे ही रीत दीर्घकाळ रूढ आहे. तेथे चिकित्सेचा विषय पाठ आणि त्याला मुलांनी दिलेला प्रतिसाद हा असतो. शिकविणाऱ्या व्यक्तीचा न्यायनिवाडा नव्हे. आपल्याकडील तपासणीच्या परंपरेत हा भेद जपणे विशेष आवश्यक आहे.

७. मर्यादा आणि अडथळे

सहाध्ययनाविषयी अतिशयोक्त अपेक्षा बाळगणेही योग्य नाही. दहा जणी एकत्र बसल्याने चूक बरोबर होत नाही. कधी कधी एकीची चूक दहा जणींची होते. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा हात बदलावा, चार वर्षांच्या मुलाकडून पाने भरून अक्षरे गिरवून घ्यावीत, असे समज परस्परांच्या दुजोऱ्याने अधिकच दृढ होऊ शकतात. पालकांचा आग्रह आणि जवळच्या गावातील इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गाशी स्पर्धा यांमुळे या समजांना बळ मिळते. म्हणून सहाध्ययनात जाणकाराला स्थान असलेच पाहिजे. मात्र त्याने शेवटी बोलावे, आरंभी नव्हे. पर्यवेक्षिकेची भूमिका येथे नाजूक आहे. जिच्या हाती अहवाल असतो तिच्यासमोर आपली अडचण उघड करण्यास सेविका कचरते. बैठकीचा तपासणीचा भाग आणि शिकण्याचा भाग वेळेने वेगळे केल्यास हा संकोच काही अंशी कमी होईल.

दुसरा अडथळा कामाच्या भाराचा व साधनांचा. मार्च २०२१ पासून नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ ही प्रणाली आली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी परत करून आंदोलन केले. यंत्रे निकृष्ट असल्याबरोबरच प्रणाली मराठीत नसल्याचीही त्यांची तक्रार होती. जिला मुलांना मातृभाषेतून शिकविण्यास सांगितले जाते, तिनेच आपल्या कामाची नोंद परक्या भाषेत करावी, यातील विसंगती सांगावयास नको.

तिसरा अडथळा दर्जाचा आहे. ‘सेविका’, ‘मदतनीस’, ‘मानधन’ या शब्दांत काम स्वेच्छेचे असल्याचा ध्वनी आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस यांनी पुकारलेल्या दीर्घ संपात वेतनाचा व शासकीय कर्मचाऱ्याच्या दर्जाचा प्रश्न अग्रभागी होता. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला होता. हा प्रश्न केवळ आर्थिक नाही. जिला समाज शिक्षिका मानत नाही, ती स्वतःच्या निरीक्षणाला ज्ञान मानण्यास सहसा धजत नाही. आणि निरीक्षणाला ज्ञान मानल्याखेरीज ते दुसऱ्यापुढे मांडण्याची इच्छा होत नाही. योग्य वेतनाची जागा सहाध्ययन घेऊ शकत नाही. तसेच, केवळ वेतनाने सहाध्ययन निर्माण होत नाही. दोन्ही गोष्टी लागतात.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, बालशिक्षिकांच्या सहाध्ययनासाठी नवी यंत्रणा उभारण्याची फारशी गरज नाही. महिन्यातून एकदा भरणारी बैठक आहे. तीत एकत्र येणाऱ्या सेविका आहेत. सेवाग्राम आणि कोसबाड यांचा अनुभव हाताशी आहे. हवे आहेत ते त्या बैठकीतील दोन तास, ज्यांत कोणताही अहवाल मागितला जाणार नाही आणि एका मुलाविषयी सविस्तर बोलता येईल.

त्या दोन तासांवर काय अवलंबून आहे, याचा विचार करताना वर वर्णिलेल्या तीन मुलांकडे पुन्हा वळावे. पहिल्याला केवळ आपल्या बोलीचा मान हवा आहे. दुसऱ्याला थोडा अवधी हवा आहे. तिसऱ्याला डॉक्टर हवा आहे, आणि तोही वेळेत. कारण ऐकण्यावाचून भाषा उमलण्याचे वय एकदा निघून गेले की त्याची भरपाई अतिशय कठीण होते. तिघांच्या नावापुढे एकच शेरा राहिला, तर तिसऱ्याचे नुकसान सर्वांत मोठे होईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पुढच्या गावच्या सेविकेने विचारलेला एखादा साधा प्रश्न ते टाळू शकतो. तो प्रश्न विचारण्यास तिला सवड आणि जागा मिळावी, एवढीच या विवेचनाची मागणी आहे.